कुकीज, फाइल्स आणि बेकरी: वेब वाचून शिकणाऱ्या नेलची गोष्ट

२०१० च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमने एक प्रोग्रॅम सुरू केला, आणि तो कधी बंद करायचाच नाही असं ठरवून सुरू केला. नाव नेल, म्हणजे नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर. काम काय, तर दिवसरात्र वेबपेजेस वाचायची, त्यातून जगाबद्दलच्या फॅक्ट्स गोळा करायच्या, आणि काल जसं वाचलं त्यापेक्षा आज जरा बरं वाचायचं. ह्यातलं शेवटचं महत्त्वाचं, कारण नुसतं गोळा करणारे प्रोग्रॅम आधीही होते, ह्याला वाचता वाचता वाचायलाही शिकायचं होतं.

आता कोणी म्हणेल की चॅटजीपीटीच्या जमान्यात ही जुनी मढी कशाला उकरायची. तर कारण असं की आजच्या मॉडेलच्या आत डोकावून बघितलं तर अब्जावधी आकडे दिसतात, बाकी काही कळत नाही, आणि नेलचा सगळा हिशोब मात्र उघडा होता. ही फॅक्ट मला ह्या मार्गाने मिळाली, वाचनाच्या इतकाव्या फेरीत मिळाली, आणि माझी खात्री इतकी. मशीन वेबवरून शिकतं म्हणजे नक्की काय करतं आणि चुकतं तेव्हा नेमकं कुठे चुकतं हे समजून घ्यायला ह्याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आधीचा रस्ता वेगळा होता. डग्लस लेनट नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये टेक्ससमध्ये ऑस्टिनला सायक नावाचा प्रोजेक्ट सुरू केला, त्यात माणसं बसून हाताने कॉम्प्युटरला जग शिकवायची. माणूस मेला की तो परत दुकानात खरेदीला जात नाही, असल्या गोष्टी. तुम्हाआम्हाला हे कोणी सांगावं लागत नाही, पण कॉम्प्युटरला सांगावंच लागतं, आणि एकदा सांगायला बसलं की ते संपतच नाही, तो प्रोजेक्ट पुढे कित्येक दशकं चालू राहिला. लोकांनी मिळून भरलेल्या डेटाबेसचीही तीच रड. फ्रीबेस नावाचा एक मोठा डेटाबेस गूगलने २०१० मध्ये विकत घेतला, आणि २०१४ मध्ये गूगलच्याच लोकांनी लिहिलंय की त्यात नोंद असलेल्या माणसांपैकी ७१ टक्के माणसांचा जन्म कुठे झाला तेच त्यात नव्हतं. प्रसिद्ध माणसांचं सगळं भरलेलं, बाकीच्यांचे रकाने रिकामे. मग साहजिकच वाटतं की अरे, हे सगळं वेबवर कुठे ना कुठे लिहिलेलं आहेच की, मशीनलाच वाचू दे ना.

पण वाचायचं म्हणजे काय? इथे १९९२ सालचा मार्टी हर्स्ट यांचा एक पेपर आठवतो. त्यांनी एक वाक्य दिलंय ज्यात 'बो ल्यूट, जसं की बाम्बारा न्दांग' असं काहीतरी येतं. आता बाम्बारा न्दांग हे काय प्रकरण आहे ते तुम्ही बहुतेक आयुष्यात ऐकलेलं नसेल, पण वाक्य वाचल्यावर एवढं कळलंच की तो बो ल्यूट नावाच्या तंतुवाद्याचा एक प्रकार आहे. कशावरून कळलं? 'जसं की' वरून. म्हणजे शब्दांचा अर्थ न कळताही वाक्याच्या साच्यावरून फॅक्ट उचलता येते. आपल्याकडे 'कोल्हापूर, सांगली, सातारा वगैरे जिल्ह्यांत' असं लिहिलं की झालं, सातारा हा जिल्हा आहे हे ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळलं. वेबवर असली वाक्यं करोडोंनी पडलेली आहेत, मशीनने फक्त साचा ओळखायचा आणि रिकाम्या जागी जे येईल ते उचलायचं.

पुढचा प्रश्न असा की साचे तरी कोण देणार, तेही माणसानेच लिहायचे का? तर १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी, हो तेच, गूगलवाले, एक मस्त युक्ती केली. त्यांनी मशीनला फक्त ५ पुस्तकांची नावं आणि त्यांचे लेखक दिले. मशीनने २ कोटी ४० लाख वेबपेजेसच्या साठ्यात शोधलं की ह्या जोड्या कुठे कुठे एकत्र येतात, १९९ जागा सापडल्या, त्या जागांच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघून ३ साचे बनवले, आणि त्या ३ साच्यांनी परत शोधल्यावर ४०४७ जोड्या हाताला लागल्या. मग त्या जोड्यांवरून नवे साचे, त्या साच्यांवरून आणखी जोड्या, असं करत करत शेवटी १५ हजारांच्या वर पुस्तकं. पाचावरून पंधरा हजार! फक्त मध्येच एका टप्प्यावर लक्षात आलं की 'कन्क्लुजन' नावाच्या एका महान लेखकाच्या नावावर दोनशेहून जास्त पुस्तकं जमा झालीयेत. पुस्तकांची नावं खरी, लेखक मात्र 'समारोप'. ती हाताने काढून टाकावी लागली.

ह्या 'कन्क्लुजन' साहेबांना हसू नका, ह्या सगळ्या विषयाचं मूळ दुखणं तेच आहे. मशीन स्वतः शोधलेल्या गोष्टीवरून पुढचं शिकतं, म्हणजे एक चुकीची फॅक्ट आत शिरली की तिच्यावरून चुकीचा साचा तयार होतो, तो साचा आणखी दहा चुकीच्या फॅक्ट्स आणतो, आणि मशीनला तर वाटत असतं की आपली प्रगती जोरात चाललीय. संशोधक ह्याला सिमँटिक ड्रिफ्ट म्हणतात. हळूहळू यादी मूळ विषयापासून वाहवत जाते आणि आतून कोणालाच कळत नाही.

नेलच्या बाबतीत हे झालं ते बेकरीत. बेकरीचे पदार्थ अशी एक कॅटेगरी होती आणि सुरुवातीला नेल त्यात छान चालला होता, पाई, ब्रेड, केक, कुकीज सगळं बरोबर. मग कधीतरी त्याला 'इंटरनेट कुकीज' भेटल्या आणि कुकीज म्हणजे बेकरी म्हणून त्याने त्या यादीत टाकल्या. त्याच्या वाचनात 'मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या' असं वाक्य आलेलं होतं. म्हणजे डिलीट केल्या जातात त्या वस्तू बेकरीतल्या. पुढे 'मी माझ्या फाइल्स डिलीट केल्या' वाचलं आणि फाइल्सही गेल्या बेकरीत. मिचेल यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की तिथून चुकांची दरडच कोसळली. शेवटी त्यांनी स्वतः इंटरनेट कुकीज यादीतून काढल्या आणि नेलचं बेकरीचं शिक्षण परत पहिल्यापासून सुरू केलं.

बरं, ह्यावर इलाज काय? नेलच्या टीमचं खरं डोकं इथे दिसतं, आणि मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्यांचं म्हणणं असं की एकच गोष्ट एकटी शिकायला अवघड असते, पण शेकडो गोष्टी एकमेकींना बांधून एकदम शिकल्या तर त्या उलट सोप्या पडतात, कारण त्या एकमेकींच्या चुका पकडतात. ऐकायला उलटं वाटतं. पण बघा, लग्नासाठी स्थळ आलं की आपण काय करतो. मुलगा सांगतो तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आपण ऑफिसमध्ये ओळख काढतो, सोसायटीत विचारतो, गावाकडे एखादा मामा असतोच त्याला फोन करतो, आणि तिघांनी वेगवेगळ्या बाजूने सारखंच सांगितलं की मगच पुढे बोलणी. शिवाय माहिती आपसात जुळते का तेही बघतो, म्हणजे नोकरी दुबईत आणि दर रविवारी सांगलीच्या घरी जेवायला असं असेल तर काहीतरी गडबड आहे हे चौकशी न करताही कळतं.

नेलमध्ये नेमकी ही दोन्ही कामं होती. चौकशी करणारे अनेक भाग होते. एक भाग वाक्यातले साचे बघायचा. दुसरा वाक्यं बघायचाच नाही, तो वेबपेजच्या आतल्या कोडमध्ये याद्या आणि तक्ते शोधायचा, म्हणजे एखाद्या पानावर पिट्सबर्ग, शिकागो, बोस्टन एका यादीत दिसले तर त्याच यादीतली बाकीची नावंही शहरांचीच असणार. तिसरा नुसतं नावाचं रूप बघायचा, शब्द कसा संपतो, कॅपिटल अक्षर आहे का. चौथा आधी जमलेल्या फॅक्ट्सवरून नियम काढायचा, की खेळाडू ह्या टीममध्ये आणि टीम त्या लीगमध्ये म्हणजे खेळाडूही त्या लीगमध्ये. कोणी काहीही आणलं तरी ते आधी उमेदवार म्हणून वेगळ्या यादीत जायचं. एका भागाची खात्री खूपच जास्त असेल, किंवा खात्री जरा कमी पण दोनतीन भाग तेच म्हणतायत, तरच त्याला बढती मिळून ती फॅक्ट पक्क्या यादीत जायची.

आणि दुसरं काम म्हणजे जुळतंय का ते बघणं. शहर हे एकाच वेळी कंपनी असू शकत नाही. खेळाडू असेल तर तो माणूस असलाच पाहिजे. 'अमुक माणूस तमुक टीमकडून खेळतो' असं वाक्य मिळालं आणि तमुक ही टीम नसून भाजी आहे असं आधीच माहीत असेल तर ती फॅक्ट बाद. हे नियम माणसांनी आधी घालून दिले होते, आणि त्याच्याबरोबर प्रत्येक कॅटेगरीची साधारण १० ते १५ उदाहरणं, बस. बाकी ५० कोटी इंग्लिश वेबपेजेसचा साठा, वर रोज सर्च इंजिनवर १ लाख शोध, कॉम्प्युटर याहूने दिलेले, पैसे गूगल आणि अमेरिकन संरक्षण खात्याच्या डार्पाचे.

मग कुकीज का निसटल्या, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो अगदी बरोबर आहे. निसटल्या कारण अडवायला शेजारी कोणी नव्हतं. इंटरनेटच्या बाजूने 'ह्या आमच्या, ह्या खायच्या नाहीत' असं ठणकावून सांगेल इतकी माहिती नेलच्या यादीत तेव्हा नव्हती. म्हणजे ही एकमेकांना पकडायची पद्धत जिथे यादी दाट आहे तिथे झकास चालते आणि जिथे विरळ आहे तिथे चूक सरळ आत येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळे भाग मिळून एकच चूक करतात तेव्हा. तिघांनी सांगितलं म्हणून आपण निर्धास्त, आणि नंतर कळतं की तिघांनाही एकाच मावशीने सांगितलं होतं.

२०१० च्या पेपरमध्ये टीमने स्वतःचे आकडे प्रामाणिकपणे दिलेत, ते बघण्यासारखे आहेत. १२३ कॅटेगरी, ५५ नाती (म्हणजे 'अमुक खेळाडू तमुक टीमकडून खेळतो' अशा दोन गोष्टींना जोडणाऱ्या फॅक्ट्सचे प्रकार), ६७ दिवस प्रोग्रॅम चालला, २ लाख ४२ हजार ४५३ फॅक्ट्स पक्क्या यादीत गेल्या, आणि नमुना काढून तपासलं तर अंदाजे ७४ टक्के बरोबर. आता ७४ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास वाटतो पण आतला भाग बघा: पहिल्या एक तृतीयांश फेऱ्यांत जे आलं ते ९० टक्के बरोबर, मधल्यात ७१, आणि शेवटच्यात ५७. दिवसागणिक घसरण. थोडी घसरण समजण्यासारखी आहे, सोप्या फॅक्ट्स आधीच वेचून झालेल्या असतात, जगात देश काही पाचशे नाहीत, खरे देश संपले की मशीन काहीतरी देशासारखं दिसणारं उचलायला लागतं. पण बाकीची घसरण ही जुन्या चुकांवर चढलेलं व्याज.

सुरुवातीचे सहा महिने नेलला कोणी हात लावला नव्हता. मग दिसलं की बहुतेक कॅटेगरी ठीक आहेत पण साधारण पाव भाग फारच मागे पडलाय. तेव्हा जूनपासून माणसांनी दर दोन आठवड्यांनी प्रत्येक कॅटेगरी साधारण पाच मिनिटं नजरेखालून घालायला सुरुवात केली, ढोबळ चूक दिसली की खोडायची. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली तेव्हा आकडा होता ३ लाख ९० हजार फॅक्ट्स आणि अंदाजे ८७ टक्के अचूकता. पाच मिनिटांची किंमत काय असते बघा! मला विचाराल तर नेलचं मोठं यश कॉम्प्युटरच्या वेगात नाहीये, माणसाचा वेळ कुठे खर्च केला तर सगळ्यात जास्त फायदा होतो हे त्यांनी शोधून काढलं त्यात आहे. सायकमध्ये माणूस प्रत्येक फॅक्ट लिहीत होता, इथे माणूस फक्त दरडीचा पहिला दगड उचलत होता.

इथे जरा आडवाटेने जातो. २०११ च्या फेब्रुवारीत आयबीएमचा वॉटसन हा कॉम्प्युटर अमेरिकेतल्या जेपर्डी ह्या क्विझ शोमध्ये दोन चॅम्पियन लोकांना हरवून गेला, तेव्हा तो इंटरनेटला जोडलेलाही नव्हता, सगळं आधीच वाचून आत साठवलेलं. पण पहिल्या सामन्याच्या शेवटच्या प्रश्नाला विषय होता 'अमेरिकेतली शहरं', विचारलं होतं की ज्या शहराचा सगळ्यात मोठा एअरपोर्ट दुसऱ्या महायुद्धातल्या वीराच्या नावाचा आणि दुसरा त्याच युद्धातल्या लढाईच्या नावाचा ते शहर कुठलं, उत्तर शिकागो, आणि वॉटसनने लिहिलं टोरँटो, पुढे पाच प्रश्नचिन्हं. टोरँटो कॅनडात आहे! नंतर खुलासा आला की जेपर्डीत विषयाचं नाव बऱ्याचदा मोघम असतं म्हणून वॉटसनला त्याच्यावर फार भर द्यायचा नाही असं शिकवलं होतं. नेलच्या भाषेत सांगायचं तर बंधन सैल ठेवलं होतं. पण ती प्रश्नचिन्हं मात्र मला आवडतात. त्याला स्वतःला खात्री नव्हती आणि ते त्याने लिहून दाखवलं, पैसेही थोडेच लावले होते.

परत नेलकडे. आणखी एक गोची होती जी मला सुरुवातीला अजिबात सुचली नसती, ती म्हणजे वेळ. त्या ऑक्टोबरच्या बातमीतच नेल कसा विचार करतो ते सांगायला एक उदाहरण होतं, की पेटन मॅनिंग हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, इंडियानापोलिस कोल्ट्स ही टीम, ह्यावरून मॅनिंग कोल्ट्सकडून खेळतो असा अंदाज नेल बांधू शकतो, जरी तसं थेट वाक्य त्याने वाचलेलं नसलं तरी. बरोबर होतं. २०१२ च्या मार्चमध्ये कोल्ट्सने मॅनिंगला सोडलं आणि तो डेन्व्हरला गेला. आता नेलकडे 'मॅनिंग कोल्ट्सचा' म्हणणारी पानं हजारो, 'मॅनिंग डेन्व्हरचा' म्हणणारी अजून थोडी, आणि मोजणी करणाऱ्याला जुनं सत्यच जास्त खरं वाटणार. जुनी पानं वेबवरून कोणी काढत नाही ना. मुख्यमंत्री, कंपनीचा सीईओ, टीमचा कॅप्टन, असल्या सगळ्या फॅक्ट्सना 'कधीपासून कधीपर्यंत' हा रकाना लागतो, आणि वाक्यात तो क्वचितच लिहिलेला असतो. ह्याच्यावर कार्नेगी मेलनमध्ये पार्थ तालुकदार वगैरे लोकांनी काम केलं, तालुकदार नंतर बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये आले.

तसंच नावाचं. ॲपल म्हणजे फळ की कंपनी, वॉशिंग्टन म्हणजे माणूस, शहर की राज्य. नेल सुरुवातीला शब्दालाच वस्तू समजायचा, नंतर टीमला शब्द वेगळा आणि त्याच्यामागची वस्तू वेगळी असं करावं लागलं. विकिडेटाने २०१२ पासून हे सोप्यात सोडवलंय, तिथे प्रत्येक गोष्टीला नंबर असतो, पुण्याचा क्यू १५३८. तुम्ही पुणे म्हणा, पूना म्हणा, नंबर तोच.

गूगलनेही हेच काम मोठ्या मापात केलं, २०१४ च्या पेपरमध्ये त्यांनी नॉलेज व्हॉल्ट नावाची सिस्टिम दाखवली, त्यात वेबवरून ओढलेल्या १६० कोटी फॅक्ट्स, आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त खात्रीच्या फक्त २७ कोटी १० लाख. म्हणजे सहातली एकच. बाकीच्या पाच 'असेल बुवा' ह्या वर्गातल्या. गंमत म्हणजे ह्याच लोकांना दिसलं की चुकीच्या फॅक्ट्सचा दोष वेबपेजेसना फार कमी वेळा जातो, बहुतेक वेळा पानावर बरोबरच लिहिलेलं असतं आणि वाचणारं मशीन ते चुकीचं वाचतं. आपण उगाच इंटरनेटला शिव्या घालतो.

आता आजची मॉडेल्स. ती फॅक्ट गोळाच करत नाहीत, ती पुढचा शब्द कुठला येईल ह्याचा अंदाज करायला शिकतात, पण 'दांते ह्या कवीचा जन्म ह्या शहरात झाला' हे वाक्य बरोबर पुरं करायचं असेल तर फ्लॉरेन्स कुठेतरी आत मुरलेलं असावंच लागतं. म्हणजे फॅक्ट शिकणं हा त्यांच्यासाठी जोडधंदा आहे, आणि तो जोडधंदा एवढा चालला की नेलसारखी सगळी दुकानं जवळजवळ झाकली गेली. वाचनही नेलपेक्षा कितीतरी जास्त, बेकरी आणि ब्राउझर ह्यांत ती सहसा गोंधळत नाहीत कारण आजूबाजूचं अख्खं वाक्य, अख्खा परिच्छेद ती लक्षात घेतात. पण हिशोबाची वही गेली. ही फॅक्ट कुठल्या पानावरून आली, कधीची आहे, खात्री किती, हे विचारलं तर मॉडेल जे सांगतं तेही परत अंदाजाने लिहिलेलं वाक्यच असतं. आणि वही नसल्याचा एक विचित्र परिणाम २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवला. टॉम क्रूझची आई कोण हे विचारलं की त्या वेळचं सगळ्यात भारी मॉडेल बहुतेक वेळा नाव बरोबर सांगायचं, पण तेच नाव देऊन ह्या बाईंचा मुलगा कोण असं विचारलं की अडखळायचं. नेलसाठी हे एकच नातं, आई आणि मुलगा, इकडून वाचा की तिकडून. मॉडेलने मात्र ते ज्या दिशेने जास्त वेळा वाचलं त्या दिशेनेच त्याला येतं. म्हणून आता बरेच चॅटबॉट उत्तर द्यायच्या आधी सर्च करतात आणि खाली लिंक लावतात, वही बाहेरून आणून जोडण्याचाच तो प्रकार आहे.

मराठीचं काय, हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही. नेल ज्या क्लूवेब नावाच्या साठ्यातून वाचायचा त्या २००९ च्या साठ्यात एकूण १० भाषा होत्या, चिनी, स्पॅनिश, जपानी, अरबी, कोरियन वगैरे, भारतातली एकही नाही. ब्राझीलच्या साओ कार्लोसमधल्या एस्टेव्हाम ह्रुश्का यांनी पोर्तुगीजमध्ये नेल करायला घेतला, ते मूळ टीममध्येही होते. मराठीत कोणी करायला घेतलं तर पहिली अडचण, नावाचं रूप बघणारा जो तिसरा भाग होता त्याचा अर्धा दम कॅपिटल अक्षरावर, आणि देवनागरीत कॅपिटल नाही. 'आशा संपली' आणि 'आशा आली' ह्यात बाई कुठली आणि भावना कुठली हे अक्षरावरून कळत नाही, किरण, सागर, विजय, प्रकाश सगळ्यांचं तसंच. दुसरी अडचण आपली विभक्ती. पुणे, पुण्याला, पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या, आणि त्यात पुण्य नावाचा वेगळाच शब्द, त्याचंही रूप 'पुण्याच्या'. इंग्लिशमध्ये 'जसं की' च्या पुढची जागा मोकळी असते आणि तिथला शब्द जसाच्या तसा उचलता येतो, आपल्याकडे शब्दाला आधी सोलावं लागतं. ह्या दोन्ही गोष्टींवर आता बरे इलाज आहेत, मॉडेल्सना हे बऱ्यापैकी जमतं.

तिसरी अडचण मात्र तशीच आहे, आणि ती मावशीची आहे. मराठी वेब लहान, त्यात एकाच मजकुराच्या कॉप्या भरपूर. एखाद्या किल्ल्याची उंची एका साइटवर चुकीची पडली की तीच उंची जशीच्या तशी पंधरा ब्लॉगवर, दोनतीन न्यूज पोर्टलवर आणि असंख्य फॉरवर्डमध्ये दिसते. मोजणी करणाऱ्या मशीनला वाटतं वीस जणांनी सांगितलं. इंग्लिशमध्ये त्याच किल्ल्याबद्दल एखादा सर्व्हेचा रिपोर्ट, जुनं गॅझेटियर, ट्रेकिंगवाल्यांच्या जीपीएसच्या नोंदी असतील तर चूक कुठेतरी आपटते आणि उघडी पडते, मराठी पानांत ती आपटायला भिंतच नसते. म्हणून मराठी नेलला जास्त पानं दिल्याने फार फरक पडणार नाही, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली पानं लागतील. आणि लागेल माणूस. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक कॅटेगरीला पाच मिनिटं हे कार्नेगी मेलनचं माप धरलं, आणि त्यांच्याकडे तेव्हा ज्या २८० कॅटेगरी होत्या तेवढ्याच धरल्या, तर १४०० मिनिटं होतात, म्हणजे पंधरवड्याला साधारण सव्वातेवीस तास. तीन दिवसांची नोकरी झाली. किल्ले, नद्या, तालुके, नाटकं, भाज्या ह्यातलं बरंचसं ओळखणारा आणि यादीत फाइल्स दिसल्या की न चिडता खोडणारा एक माणूस तेवढ्यात होतो, फक्त त्याला पगार कोणी द्यायचा ते ठरवायला हवं.